फुलवाल्यांच्या देव्हाऱ्यात प्लास्टिकचा हार

ज्यांच्या छातीत अचानक धडधडायला लागतं, हातपाय गार पडतात, आता आपण जातो असं वाटतं आणि तरी डॉक्टर म्हणतात रिपोर्ट सगळे चांगले आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. बाकीच्यांनीही वाचावं, मी कोणाला नको म्हणत नाही.

मी मंदा. मखमलाबादच्या पुढे आमचा फुलांचा मळा आहे आणि नाशकात गोदाकाठच्या फुलबाजारात माझी बसायची जागा आहे. शाळा मला चौथीपर्यंतच मिळाली. पुढचं वाचायला शिकले ते फुलं बांधायच्या रद्दीवर. त्यामुळे मला बातम्या पुष्कळ माहीत असतात पण त्यांचा शेवट माहीत नसतो, कारण शेवटाचा तुकडा दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर गेलेला असतो. माझ्या आजाराचा शेवट मात्र मला माहीत आहे आणि तो चांगला आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही जीव मुठीत धरून वाचणार नाही.

इंदू आणि मी

इंदू माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिला हाराची सुई धरता येत नव्हती. पुढे अशी तयार झाली की माझा एक हार होईस्तोवर तिचे दोन व्हायचे, आणि वर मला विचारायची, "अक्का, झोप झाली का?"

बाजारात आम्ही शेजारी शेजारी बसायचो. तिच्याकडे गुलछडी आणि शेवंती, माझ्याकडे झेंडू आणि तयार हार. आमची दोघींची एक रीत होती. टोपल्या उतरवल्या, पाणी शिंपडलं, की गिऱ्हाइकाकडे बघायच्या आधी ती माझ्या अंबाड्यात गजरा माळायची आणि मी तिच्या. मग बोहनी. कोणी घाई करायला लागलं तर इंदू म्हणायची, "थांबा हो दादा, दुकान आधी नटू द्या." दोघींचे केस पिकले तरी ही रीत मोडली नाही.

गेल्या वर्षी गुढीपाडवा झाला आणि तापाचं निमित्त होऊन इंदू गेली. आज ताप आला म्हणाली आणि बघता बघता गेली.

घरात सुतक आलं. सुतकात आम्ही देवाच्या फुलाला हात लावत नाही. मळ्यातलं फूल मजूर तोडायचे आणि दुसऱ्यांच्या गाडीने परस्पर जायचं. मी घरात. पण बसायला वेळ कुठे होता? येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, दिराचं जेवण, इंदूच्या पोरींची समजूत. बायका म्हणायच्या, "मंदा मोठी खंबीर हो." मलाही ते खरं वाटायला लागलं. कौतुक कोणाला नको असतं?

सुतक फिटलं, गोडाचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअपमध्ये बसून बाजारात गेले. टोपल्या उतरवल्या. पाणी शिंपडलं. आणि मान खाली करून बसले, गजरा माळून घ्यायला.

किती वेळ बसले कोण जाणे. मग ध्यानात आलं, आणि छातीवर कोणी झेंडूची भरलेली गोणी आणून ठेवावी तसं झालं. तोंड कोरडं पडलं. बोटांना मुंग्या आल्या. बाजाराचा सगळा आवाज विहिरीतून यावा तसा यायला लागला. मला वाटलं, झालं. इंदूने बोलावून घेतलं.

समोर रेहानाभाभी बसते, गुलाबवाली. ती तिच्या पाट्या ओलांडून धावली. "ए दत्तू, गाडी ला! अक्काला बघ काय झालं! अक्का, इधर देख, माझ्याकडे बघ, डोळे मिटू नको!" दत्तू माझा मुलगा. त्याने मला फुलांच्या त्याच पिकअपमध्ये घातलं. दवाखान्यात पोचले तेव्हा माझ्या पदरात शेवंतीच्या पाकळ्या होत्या आणि वॉर्डातली एक म्हातारी विचारत होती, "कुठल्या देवाहून आल्या?"

निदानाचा दिवस

दवाखान्यात ठेवून घेतलं. छातीला वायरी लावल्या, ईसीजीच्या पट्ट्या काढल्या, रक्त काढलं, पडद्यावर माझं हृदय मलाच दाखवलं. सवयीप्रमाणे मी पहाटे उठून पलंगावर ताठ बसायची. नर्सबाई म्हणाली, "मावशी, इथं गिऱ्हाईक येत नाही. आडव्या व्हा." मी हसले. तिथे मी हसलेली ती पहिली वेळ. त्या पोरीचं तोंड मी अजून विसरले नाही.

मग मोठे डॉक्टर आले. आमची सगळी फौज पलंगाभोवती. आमचे मालक, दत्तू, सून वैशाली, दीर, आणि ओझरहून आलेली माझी नणंद. डॉक्टर म्हणाले, "काकूंचं हृदय उत्तम आहे. तरुण माणसाला लाजवेल असं."

आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आँ? मग हिला व्हतंय काय?"

"भीतीचा झटका आहे. पॅनिक अटॅक म्हणतात."

अटॅक म्हटल्यावर ह्यांनी पलंगाची दांडीच धरली. डॉक्टरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं की हृदयाला काही धोका नाही, पण त्रास खोटाही नाही. मनावर भार आला की शरीर असा गजर देतं. शेवटी म्हणाले, "मी एका समुपदेशक बाईंकडे चिठ्ठी देतो. त्यांच्याशी बोला."

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "म्हणजे वेड्याचा डॉक्टर?"

"नाय नाय," आमचे हे म्हणाले. "आपल्या घरात असलं काही नाय." आणि चिठ्ठी खिशात घातली. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. हृदयाचा आजार म्हटला तर चार माणसं फळं घेऊन येतात. मनाचा म्हटला तर काय घेऊन येतील?

एक गोष्ट मात्र इथेच सांगते. छातीत दुखलं तर आधी दवाखान्यात जायचं. हे मनाचं आहे की हृदयाचं, ते आपण घरी बसून ठरवायचं नाही. मी आज हसून लिहिते आहे, ते पट्टी चांगली आली म्हणून.

फुलं बंद

घरी आले. थोड्या दिवसांनी शेडमध्ये गुलछडीच्या काड्या बांधत होते आणि पुन्हा तसंच झालं. छाती, हात, घाम, सगळं. नणंद अजून घरीच होती. तिने मिरच्या-मीठ उतरून टाकलं. मिरच्यांचा ठसका बसून मी आणखीच घुसमटले. मग ती ठामपणे म्हणाली, "दादा, वहिनीला वासाचं बाधतंय. तिकडे बाजारात फुलं, इथे शेडमध्ये फुलं. बघ विचार करून."

आणि आमच्या ह्यांना ते पटलं. आता हा माणूस तुम्हाला कळायला हवा. हे बोलतात कमी आणि करतात फार. दुसऱ्या दिवसापासून घरात फूल बंद. माल बांधायची शेड घरापासून लांब, विहिरीपलीकडे हलवली. वैशालीला सांगितलं, डोक्यात गजरा घालायचा नाही. अंगणातली मोगऱ्याची वेल मुळासकट काढली. आणि देवाला फूल नाही असं चालत नाही म्हणून हे पंचवटीत गेले आणि देव्हाऱ्यासाठी प्लास्टिकचा हार घेऊन आले.

आमच्या देव्हाऱ्यात! सासऱ्यांच्या आजोबांपासून ज्या घरातलं फूल नाशकाच्या देवांना जातं, त्या घरातल्या देवाच्या गळ्यात पोपटी पानांचा प्लास्टिकचा हार. एक व्यापारी हिशोबाला आला होता. देव्हाऱ्याकडे बघितलं, आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, आणि चहा अर्धा ठेवून निघून गेला.

मला त्यावर हसू यायचं आणि लगेच रडू यायचं. पण एक कळत होतं. फुलं गेली तरी भीती गेली नव्हती. उलट वाढत होती. आधी बाजाराची भीती होती. मग बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याची वाटायला लागली. मग पिकअप सुरू झाली की तिच्या आवाजाची. शेवटी शेवटी मी ओट्यावर बसून असायची आणि वैशाली मला बाळासारखं विचारायची, "आई, बरं वाटतंय ना? आत चलता का?"

झोप नाही, जेवण नाही, नातवाशी खेळणं नाही. आणि सगळे प्रेमाने वागत होते हो. तोच तर घोटाळा होता. भांडायचं कोणाशी?

दसऱ्यापर्यंत

पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस दत्तू माझ्याजवळ येऊन बसला. हातातल्या चाव्यांशी खेळत म्हणाला, "आई, बाजारातल्या जागेचं काय करायचं? तिकडचा एक फुलवाला मागतोय. तू किती वर्षं केलंस. आता आराम कर."

 त्या जागेवर बसून मी दोन पोरींची लग्नं केली, दत्तूचं कॉलेज केलं. पण ते जाऊ द्या. मला माझी ओळखच त्या जागेवरून होती. मी घरात कोणाची आई, कोणाची बायको, कोणाची सासू. तिथे मी मंदाअक्का. ती जागा गेली असती तर मी आयुष्यभर ओट्यावरची म्हातारी झाले असते. मला ते स्वच्छ दिसलं.

"आणि इंदूची?" मी विचारलं.

"दोन्ही."

मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांब. दसऱ्याला मी बसले तर माझी, नाही तर देऊन टाक."

 फुलवाल्याला दसरा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. अख्खं नाशिक झेंडूला येतं. पाय ठेवायला जागा नसते. रस्त्यावरच्या गाडीच्या आवाजाला घाबरणारी बाई दसऱ्याच्या बाजारात बसणार? दत्तूने चाव्या खिशात टाकल्या.

त्याच दिवशी मी वैशालीला हळूच म्हटलं, "ती डॉक्टरांची चिठ्ठी कुठे आहे गं?"

वैशाली म्हणाली, "आई, मी कधीच मामंजींच्या खिशातून काढून ठेवली आहे. शर्ट धुवायला टाकला होता ना." अशी सून सगळ्यांना मिळो.

मॅडमकडे

कॉलेज रोडला एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली. अनघा मॅडम. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. आम्ही आपले सगळे आत शिरलो. हे, दत्तू, वैशाली, दीर, कडेवर नातू. पेशंटबरोबर माणसं लागतात अशी आमची समजूत. खुर्च्या दोनच होत्या. हे उभे राहून म्हणाले, "विचारा काय विचारायचं ते. आम्ही सांगतो."

मॅडम हसल्या. "मला काकूंकडूनच ऐकायचं आहे. तुम्ही बाहेर बसाल का? इथे जे बोलणं होईल ते इथेच राहील."

दार बंद झालं. आणि मॅडम गप्प. आता बाजारातल्या बाईपुढे कोणी गप्प बसलं तर ती काय करते? माल विकायला लागते. मी बोलायला सुरुवात केली. शेवंतीचा भाव, कोलकाता झेंडू आणि साधा झेंडू, लग्नसराई, आमच्याकडची रोपं. मग त्यांचं लग्न झालंय का, सासर कुठलं, सासू कशी आहे. त्यांनी दोन-तीन उत्तरं दिलीसुद्धा. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही खूप छान बोलता. आता तुमच्याबद्दल सांगा."

"माझं काय? माझं सगळं चांगलं आहे."

"मग आज का आलात?"

मी तोंड उघडलं आणि इंदूच्या गजऱ्याचं सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही. तोपर्यंत घरात कोणालाही सांगितलं नव्हतं की त्या दिवशी मी मान पुढे करून बसले होते. सांगितलं आणि पदर तोंडाला लावून रडले. चांगली मनसोक्त. मॅडमनी "रडू नका" म्हटलं नाही, हे विशेष. त्यांनी फक्त पाण्याचा ग्लास जवळ सरकवला.

बाहेर आले तर अंग असं हलकं, जसं आठवडाभराचं धुणं वाळत घालून बसल्यावर वाटतं. मी म्हटलं, गुण आला! दत्तूला गाडी थांबवायला लावली, पेढे घेतले, मळ्यातल्या प्रत्येक घरी वाटले. "काय झालं हो?" "बरी झाले!" आणि दुसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात पिकअपमध्ये पुढे बसून बाजाराला निघाले.

वाटेतल्या पुलावरूनच परत आणलं मला.

भांडण

पुढच्या वेळी मी मॅडमशी भांडायलाच गेले. "अहो, तुमचा गुण टिकला नाही! माझे पेढे वाया गेले!"

त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. मग म्हणाल्या, "काकू, हे इंजेक्शन नाही. आपल्याला थोडं थोडं काम करायचं आहे. घरात काय काय बदललं ते सांगा बरं."

मी फुलं बंद केल्याचं सांगितलं. मोगरा, शेड, प्लास्टिकचा हार.  मग माझ्या परवानगीने त्यांनी आमच्या ह्यांना आत बोलावलं.

"काका, तुम्ही काकूंची फार काळजी घेता, हे दिसतंय."

"घ्यायलाच पायजे. माझंच माणूस हे."

"बरोबर. पण एक बघा. काकूंच्या मनाला वाटलं की फुलात, बाजारात धोका आहे. ते खरं नव्हतं. पण तुम्ही फुलं घराबाहेर काढलीत, तेव्हा मन काय म्हणालं असेल? बघ, म्हटलं होतं ना, धोका होताच. नाही तर फुलवाल्याने फुलं कशाला हलवली असती?"

हे कितीतरी वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मंदे, मी तर तुझ्यासाठीच केलं गं."

"मला माहीत आहे ना," मी म्हटलं.

घरी गेल्यावर ह्यांनी कोणाला काही न बोलता प्लास्टिकचा हार उतरवला आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या दिव्याला बांधला. म्हणाले, "लोखंडाला कुठे वास कळतो?" मग मळ्यात गेले आणि धोतराच्या सोग्यात तगर, जास्वंद, गुलछडी, हाताला येईल ते घेऊन आले. त्या दिवशी देव दिसतच नव्हते फुलांतून. माझी छाती थोडी धडधडली. मी मॅडमनी शिकवल्यासारखा श्वास सावकाश सोडत बसले. धडधड आली, राहिली, आणि गेली. पहिल्यांदाच ती माझ्या देखत गेली. मी आतल्या खोलीत पळाले नव्हते.

राग

मला वाटायचं समुपदेशन म्हणजे सल्ला. आता सल्ला तर मला घरबसल्या रोज मिळत होता. मन रमव, देवाचं नाव घे, विचार करू नको. विचार करू नको म्हणणाऱ्याला विचारायचं असतं, कसा करायचा नाही ते तरी सांग. मॅडमनी तसला सल्ला एकही दिला नाही. त्या विचारायच्या आणि ऐकायच्या. ऐकता ऐकता अशा जागी बोट ठेवायच्या की आपल्यालाच वाटावं, अरे, हे तर मला माहीतच होतं.

एकदा म्हणाल्या, "इंदू आत्ता समोरच्या खुर्चीत आहे असं समजा. तिला काय म्हणाल?"

मला वाटलं, माझ्या तोंडून काहीतरी गोड, थोरल्या जावेला शोभेल असं निघेल. निघालं ते असं: "मेले, मला न विचारता गेलीस! थोरली मी, आधी जायचा मान माझा! जाताना माझा गजरा कोण घालेल, एवढं तरी बोलायचंस की नाही? हार दोन दोन ओवायचीस, इथेपण पुढे पळालीस!"

आणि मी त्या रिकाम्या खुर्चीला चांगलं फैलावर घेतलं. गेलेल्या माणसाचा राग येतो, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं मीच वाईट. मॅडम म्हणाल्या, फार जणांना येतो. जीव लावलेला असतो म्हणूनच येतो. त्या रात्री मला झोप लागली ती थेट उजाडेपर्यंत. वैशाली दोनदा बघून गेली म्हणे, श्वास चालू आहे ना म्हणून.

पूल, चहा, बाजार

मग आमचं काम सुरू झालं. आधी फक्त पुलापर्यंत जायचं आणि गाडीतच बसायचं. भीती आली तर पळायचं नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. मग घरी. पुलाची सवय झाली की पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत. गाडी दत्तूच चालवायचा. पहिल्यांदा मी पुलावर घामाघूम झाले तर त्याने गिअर टाकला होता, मीच ओरडले, "थांब! परत नाही न्यायचं. मॅडमनी सांगितलंय." तो म्हणाला, "आई, तुझे ओठ पांढरे झालेत." म्हटलं, "होऊ देत. तुझेपण झालेत." दोघं तसेच बसून राहिलो. मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते, एक जण काच खाली करून आमच्या सात पिढ्यांची चौकशी करून गेला. दत्तूने त्याला हात जोडले.

चहाच्या टपरीवर मला बाजारातल्या बायकांनी गाठलं. "आली गं बाई पाहुणी! चहा पिऊन परत जाते म्हणे." "अक्का, बाजार इकडे आहे, तिकडे गोदामाई." मला त्या टोमण्यांनी बरं वाटलं. घरात कोणी माझ्याशी असं बोलेनासं झालं होतं. आजारी माणसाला सगळे कसं अलगद धरतात. बाजार धरत नाही.

आणि एक दिवस आत गेले. जाऊन बघते तर माझ्या आणि इंदूच्या जागेवर गुलाबाचे क्रेट. रिकामे. रेहानाभाभी म्हणाली, "क्या करती? जागा मोकळी दिसली की कोणीतरी बसतो. मी रोज येऊन आधी इथं क्रेट ठेवायची, मग माझं दुकान. तुझा मुलगा आला होता माणूस घेऊन जागा दाखवायला. मी म्हटलं, चल हट, मालकीण जिंदा आहे."

मी तिच्या गळ्यात पडले. तिथेही भीती आली, हे लपवत नाही. पण भीती एका बाजूला आणि भाभीचा दंड एका बाजूला.

कधी जायचं

मला लोक विचारतात, अक्का, जायचं कधी? दुःख तर सगळ्यांनाच असतं. मला जे कळलं ते सांगते. दुःख झालं म्हणून लगेच जायलाच पाहिजे असं नाही. माणसं असतात, देव असतो, काम असतं, दिवस जातात. पण दिवस जाऊनही झोप परत येत नसेल, जेवण जात नसेल, आपण एकेक जागा टाळत टाळत ओट्यापर्यंत आक्रसत आलो असू, नेहमीचं काम होत नसेल, तर जावं. सारखी चिडचिड, दारूकडे ओढ, घरच्यांशी बोलावंसंच न वाटणं, हेही त्यातच आलं. आणि जगून काय करायचं असं मनात यायला लागलं तर एक दिवसही थांबू नये, त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगावं आणि दवाखाना गाठावा. काहींना गोळ्या लागतात, त्या मानसोपचाराचे डॉक्टर देतात. मला लागल्या नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकीला लागल्या, ती आता मजेत आहे. त्यात लाज कसली? गुडघ्याला लागतात तशा डोक्याला.

आणि पहिल्या दिवशी पेढे वाटू नका. बाकी काही ध्यानात राहिलं नाही तरी चालेल.

दसरा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या डोंगरामागे मी बसले. शेजारी इंदूच्या जागेवर तिची थोरली लेक येऊन बसली होती. सुई अजून तिला धड धरता येत नाही, पण तोंड आईचं घेतलंय.

गर्दी अशी की माणूस दिसेना, नुसते हात दिसत होते. "मावशी, इकडे!" "अहो मी आधीचा!" "सुट्टे आहेत का?" दत्तू माल ओतत होता, हे वजन करत होते. माझे हात आपोआप चालत होते. मनात म्हटलं, मंदे, जमलं की.

आणि तेवढ्यात ती आली. छातीवर गोणी, बोटांना मुंग्या, सगळं पहिल्यासारखं. समोर एक बाई उभी होती, ऑफिसात जाणारी दिसत होती, खांद्याला पर्स, हातात कापडी पिशवी उघडून धरलेली. तिच्या मागे रांग. दत्तूने माझ्याकडे बघितलं आणि हातातली टोपली खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांत मला पिकअप दिसली, दवाखाना दिसला, ओटा दिसला.

मी त्याला हाताने थांबवलं. आणि त्या बाईला म्हटलं, "बाई, एक मिनिट थांबता का? मला जरा घाबरायला झालंय. घाबरून घेते आणि मग देते."

  त्या बाईने पर्स पुढे घेतली, साडी सावरली आणि माझ्यासमोर त्या ओल्या फरशीवर सरळ उकिडवी बसली.

"घ्या घाबरून," ती म्हणाली. "मला लिफ्टमध्ये होतं. मला माहीत आहे."

मागून कोणीतरी "काय झालं, काय झालं" करत होतं. रेहानाभाभी समोरून ओरडली, "कुछ नहीं, अक्का आराम कर रही है, रांग सोडू नका!" हे तराजू धरून तसेच उभे राहिले. आम्ही दोघी, मी आणि ती अनोळखी बाई, झेंडूच्या ढिगाच्या अलीकडे-पलीकडे बसून सावकाश श्वास सोडत राहिलो. तिची पद्धत थोडी वेगळी होती. ती तोंडाने सोडत होती.

धडधड चढली, टोकाला गेली, आणि मग बाजाराचा आवाज हळूहळू विहिरीतून वर आला.

"गेली?" तिने विचारलं.

"गेली," मी म्हटलं. "हं, बोला. तोरणाला पाहिजे का सुटा?"